नव्या कॉम्प्युटरमधले नको असलेले प्रोग्राम बंद करताना या चुका टाळा

कळंब, राळेगाव, आर्णी अशा तालुक्याच्या गावी लॅपटॉप घरी येतो तेव्हा तो नवा असतो, पण रिकामा नसतो. अँटिव्हायरसचं ट्रायल, वनड्राइव्ह, टीम्स, एक्सबॉक्स, कंपनीचं स्वतःचं सपोर्ट सॉफ्टवेअर, दोन-चार गेम असं बरंच काही आधीच बसून आलेलं असतं. त्यात ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क असली, की सकाळी मशीन चालू करून चहा पिऊन आलं तरी कर्सर गोल गोलच फिरत असतो. मग बाजूचा कोणीतरी म्हणतो, “उडवून टाक ना बाप्पा सारं!” उडवायला कोणाची ना नाही, पण काय उडवतोय ते आधी पाहावं लागतं.

सी ड्राइव्हमध्ये जाऊन फोल्डरच डिलीट करणं

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. प्रोग्राम फाइल्समधलं फोल्डर उडवलं की प्रोग्राम गेला असं वाटतं. प्रत्यक्षात तो अर्धाच जातो. रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या आतल्या नोंदवहीतल्या) नोंदी आणि सर्व्हिस (प्रोग्रामचे मागे गुपचूप चालणारे भाग) जागेवरच राहतात, दर वेळी चालू करताना एररची चौकट येते. आणि नीट काढायचं म्हटलं तर अनइन्स्टॉल करणारी फाइलही त्याच फोल्डरसोबत गेलेली असते.

आधी नुसतं बंद करून बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘स्टार्टअप ॲप्स’मध्ये जा. ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’च्या रकान्यात ज्यांच्यापुढे ‘हाय’ लिहिलंय ते आधी बघा. राइट क्लिक करून ‘डिसेबल’ केलं की पुढच्या वेळी तो प्रोग्राम आपोआप सुरू होणार नाही. प्रोग्राम कुठे जात नाही, लागला तर तिथूनच ‘एनेबल’ करता येतो. आठवडाभर रोजची कामं करा. काही अडलं नाही, तर सेटिंग्जमधल्या ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मधून खुशाल काढा. विंडोज १० मध्ये याच जागेचं नाव ‘ॲप्स अँड फीचर्स’ आहे.

बदल केल्यावर शटडाउन नको, रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोजचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो आणि चालू करताना तोच परत उचलला जातो. ‘बंद करूनही काही फरक नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

वनड्राइव्ह घाईने काढणं

इथे मात्र सावकाश. वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइल्स साठवायची सोय. नवा लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला, की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तीन फोल्डर वनड्राइव्हच्या ताब्यात गेलेली असू शकतात. फुकट जागा ५ जीबी. पोराच्या लग्नाचे फोटो टाकले की ती भरते आणि ‘स्टोरेज फुल’ची कटकट सुरू होते. वैतागून माणूस वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या फाइल्स डिलीट करतो. सिंक चालू असल्याने, म्हणजे इथला बदल तिथेही होत असल्याने, त्या वर क्लाउडमधूनही (इंटरनेटवरच्या साठ्यातूनही) जातात. असं झालंच असेल तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवरचं रीसायकल बिन लगेच बघा, वैयक्तिक खात्यात फाइल्स तिथे साधारण ३० दिवस राहतात.

क्रम असा ठेवा. आधी फाइल्सपुढची चिन्हं बघा. निळा ढग दिसला तर ती फाइल कॉम्प्युटरवर नाहीच, फक्त इंटरनेटवर आहे. हिरवी खूण असेल तर ती इथे उतरलेली आहे. ढगवाल्या फाइल्सवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा आणि सगळ्या उतरू द्या. मग वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज बॅकअप’मधून तिन्ही फोल्डरचा बॅकअप थांबवा. यानंतर डेस्कटॉप एकदम मोकळा दिसला तर घाबरू नका. फाइल्स बहुतेक करून युजरच्या नावाच्या फोल्डरात, ‘वनड्राइव्ह’ या फोल्डरमध्ये पडलेल्या असतात. तिथून उचलून परत जागेवर ठेवा, पेनड्राइव्हवर एक कॉपी घ्या, आणि मगच ‘अनलिंक धिस पीसी’ करा.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कॉम्प्युटर चालवत असाल आणि दुपारपर्यंतच रोजचा डेटा संपत असेल, तर वनड्राइव्ह काढायचीही गरज नाही. त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. वनड्राइव्हचं सिंक सहसा आपोआप थांबतं, विंडोजची मोठी अपडेट्सही आवरती होतात. माझ्या मते खेड्यातल्या प्रत्येक हॉटस्पॉटवाल्याने आधी हे करावं, मग बाकीचं.

सर्व्हिसेसमध्ये सरसकट टिकमार्क काढणं

जूनमध्ये दाखल्यांची गर्दी असते, जुलैत पीक विम्याची. नेमक्या त्याच दिवसांत सेवा केंद्राचं मशीन ‘फास्ट’ करायचं कोणाच्या तरी मनात येतं. एमएसकॉन्फिग (विंडोजचं सर्व्हिस चालू-बंद करायचं टूल) उघडायचं, सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘डिसेबल ऑल’ करायचं आणि रीस्टार्ट. मशीन चालूही पटकन होतं. मग पहिला शेतकरी अंगठा ठेवतो आणि पोर्टल म्हणतं, डिव्हाइस सापडलं नाही. केबल काढून लावली, यूएसबीचं पोर्ट बदललं, काच गमछ्याने पुसली, तरी तेच. “दादा, सकाळपासून उभा आहो ना!” म्हणणाऱ्याला काय सांगणार? अंगठ्याचं मशीन धडधाकट असतं. मंत्रा असो की मॉर्फो, त्याला आरडी सर्व्हिस (ते मशीन पोर्टलला जोडून देणारं सॉफ्टवेअर) मागे चालू असावी लागते, आणि तीच बंद झालेली असते.

‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर टिक केल्याशिवाय त्या यादीला हातच लावू नका. टिक केल्यावर उरलेल्या यादीतही आपल्या कामाच्या वस्तू असतात: आरडी सर्व्हिस, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचं सॉफ्टवेअर, प्रिंटर-स्कॅनरचं, रिअलटेकचं आवाजाचं, टचपॅडचं. ‘प्रिंट स्पूलर’ ही तर विंडोजचीच सर्व्हिस. ती बंद पडली की एकही प्रिंट निघत नाही. एका वेळी एकच सर्व्हिस बंद करा, तिचं नाव वहीत लिहा, अंगठा आणि प्रिंट दोन्ही तपासा, मग पुढची. आधीच गडबड झाली असेल तर विंडोज आणि आर एकत्र दाबून ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ इंग्रजीत टाइप करा, ती सर्व्हिस शोधा, स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ करून ‘स्टार्ट’ दाबा.

लॅपटॉप कंपनीचं सॉफ्टवेअर काढतानाही एकदा उघडून बघा. लेनोवोच्या व्हँटेजमध्ये बॅटरी पूर्ण भरू न देण्याची सोय आहे. लाईन जाते म्हणून ज्यांचा लॅपटॉप दिवसभर चार्जिंगलाच असतो, त्यांना ती कामाची आहे.

मुदत संपलेल्या अँटिव्हायरसवर दुसरा बसवणं

ट्रायल संपलं की रोज भीती घालणाऱ्या सूचना येतात. टास्क मॅनेजरमधून तो मारून उपयोग नाही, अँटिव्हायरस स्वतःला सहजासहजी बंद होऊ देत नाही. त्यावर दुसरा बसवला तर दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मशीन आणखी जड होतं. ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मधून अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. अवशेष राहिलेच तर त्याच कंपनीचं काढण्याचं टूल वापरा. मॅकॅफीचं एमसीपीआर आहे. मग ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून व्हायरस प्रोटेक्शन चालू झालंय का, ते डोळ्यांनी बघा. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, घरच्या कामाला पुरतो.

क्लीनर आणि यूट्यूबवरच्या स्क्रिप्ट

कॉम्प्युटर साफ करून देतो म्हणणारे क्लीनर नको. एक नकोसा प्रोग्राम काढायला दुसरा नकोसा प्रोग्राम कशाला? स्क्रिप्ट (एका झटक्यात बऱ्याच आज्ञा चालवणारी फाइल) तर नेमकं काय काय उडवते हे चालवणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि तेही ॲडमिनच्या परवानगीने.

बंद केलेलं परत आलं तर

मोठ्या अपडेटनंतर काही ॲप परत येतात. टास्क मॅनेजरची यादी तेव्हा पुन्हा एकदा बघायची. एजचं वेगळं आहे. ब्राउझर बंद केला तरी तो मागे चालू राहू शकतो. त्याच्याच सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम अँड परफॉर्मन्स’खाली ‘स्टार्टअप बूस्ट’ बंद करा. आणि ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या मशीनवर बटण करडं दिसत असेल, ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ लिहिलेलं असेल, तर ते वरून बंद केलेलं आहे. तिथे खटपट न करता ज्याच्याकडे ॲडमिनचा पासवर्ड आहे त्याला फोन लावा.