शुगर असेल तर पायाचा रक्तपुरवठा कसा तपासावा, कसा जपावा

चोपड्याकडच्या माझ्या मामांच्या तळपायात वावरातलं पऱ्हाटीचं खुट घुसलं आणि ते कळलं रात्री, तेही मामींना चादरीवर रक्त दिसलं म्हणून. शुगर वीस वर्षांची. ‘काही व्हत नही पायले,’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. जखम मात्र दोन महिने भरेना.

टोचलेलं कळलं नाही, कारण संवेदना नेणाऱ्या नसा बधिर झालेल्या. जखम भरेना, कारण रक्त नेणाऱ्या धमन्या अरुंद झालेल्या. आपण दोन्हींना ‘नस’च म्हणतो आणि इथेच घोळ होतो. पायाला येणाऱ्या मुंग्यांसाठीच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाऊन अरुंद धमनी उघडत नाही.

आधी नाडी चाचपा. पाच मिनिटं शांत बसा, मोजे काढा. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधली रेघ वर न्या. पावलाच्या पाठीवर, साधारण मध्यावर, दोन बोटं हलकेच टेकवा. जोरात दाबलं तर नाडी हरवते, आणि अंगठ्याने बघू नका, स्वतःचेच ठोके लागतात. दुसरी जागा घोट्याच्या आतल्या हाडामागे. वरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, त्यामुळे एकटी ती नसली तर घाबरू नका. एकाच पायाच्या दोन्ही जागा मुक्या असतील तर डॉक्टरांना दाखवा. नाडी लागली म्हणजे सगळं ठीक, असंही नाही.

दुखणं ओळखा. ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की चार-पाच मिनिटांत जातो: हे धमनीचं दुखणं. बसल्या जागी जळजळ, मुंग्या बहुतेक वेळा बधिर नसांच्या. पण रात्री पाऊल ठणकतं आणि बाजेवरून खाली सोडलं की बरं वाटतं, तर रक्त फारच कमी पोहोचतंय. चार दिवस थांबू नका. एक पाय दुसऱ्यापेक्षा गार, कातडी चकचकीत, केस गळलेले, याही खुणाच. बधिर पायात दुखणं अनेकदा जाणवतच नाही, म्हणून रोज आरसा धरून तळवे आणि बोटांमधल्या चिखल्या बघायच्या.

तपासणी मागून घ्या. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, एवढा साधा हिशोब आहे. दंडाला १४० आणि घोट्याला ११२ आला, तर ०.८. आकडा ०.९ किंवा खाली असला तर धमनी अरुंद समजतात. जुन्या शुगरमध्ये धमनीच्या भिंतीत चुना बसतो, ती दबतच नाही आणि आकडा १.४ च्या वर जातो. तो चांगला निकाल समजू नका; मग अंगठ्याचा दाब मोजतात, कलर डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करतात. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, विचारपूस तिथून सुरू करता येते.

उपचार कंटाळवाणे आहेत, पण तेच चालतात. बिडी आणि तंबाखू बंद. हे जमलं नाही तर बाकीचं अर्धं वाया. रक्तदाब साधारण १३०/८० च्या आत. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, बहुतेकांना ७ टक्क्यांच्या आसपास, म्हाताऱ्या माणसाला थोडं सैल चालतं. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ असला तरी धमनी अरुंद झालेल्याला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, लागते. वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या खाली ठेवतात. रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टर ठरवतील, शेजाऱ्याची चिठ्ठी नको. शेवभाजीची तर्री आणि पापड-लोणच्याचं मीठ मोजून.

चालणं हेच औषध. पोटरी दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं गेलं की पुन्हा चाला. असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून निदान तीनदा, तीन महिने. पायाला जखम असेल तर हे करू नका.

जखम भरत नसेल तर फुगा घालून धमनी उघडतात किंवा बायपास करतात. कुणी बोट कापायचं म्हटलं तर आधी विचारा: रक्तपुरवठा तपासला का? रक्तच नसेल तर कापलेली जागाही भरत नाही. रक्तवाहिन्यांच्या सर्जनसाठी नाशिकला किंवा सुरतेला जावं लागलं तरी जा.

उन्हाळ्यात जास्त जपा. पारा ४५ च्या घरात गेला की देवळाची फरशी बधिर तळव्याला भाजते आणि फोड संध्याकाळी दिसतो. चैत्रात सप्तशृंगीला अनवाणी जाण्याचा नवस असेल, तर तो घरातल्या दुसऱ्याने फेडावा. देवीला चालेल, असं माझं मत. थंडीत गरम पाण्यात पाय बुडवू नका, विटेने शेकू नका. तळव्यावरचं कुरूप ब्लेडने तासू नका.

आणि पाय अचानक पांढरा पडला, गार झाला, जोरात दुखू लागला, तर सकाळच्या एसटीची वाट बघायची नाही. पाय वाचवायला हातात काही तासच असतात. शेकायचं नाही, चोळायचं नाही. १०८ ला फोन करून निघायचं.