पहिला लाँगबोर्ड घेण्याआधीची तयारी : साताऱ्याचा उतार, सांगलीची सपाटी आणि मोजकं बजेट

दुकानात जाण्याआधी किंवा मोबाइलवर लाँगबोर्डचे, म्हणजे लांब स्केटबोर्डचे, फोटो बघत बसण्याआधी एक सकाळ रस्ता बघण्यात घालवा. रोज जिथे बोर्ड चालवणार आहात, त्या गल्लीतल्या डांबरावर तळहात फिरवा. खडीचे दाणे हरभऱ्याएवढे वर आलेले लागतात का? काँक्रीटचा रस्ता असेल तर दोन पट्ट्यांमधल्या फटीत करंगळी जाते का? गतिरोधक किती, कडेला बारीक कच किती साचलीय, उतार कुठे सुरू होतो आणि संपतो कुठे, हे सगळं बघून ठेवा. स्वस्तातला चांगला बोर्ड निवडताना निम्म्या प्रश्नांची उत्तरं या रस्त्यातच मिळतात.

सांगली, विश्रामबाग, मिरज हा पट्टा बहुतेक सपाट. इथे पाय मारत लांब जायचं असतं, म्हणून जमिनीलगतचा, चटकन न थकवणारा बोर्ड हवा. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं शहर चढ-उतारावर वसलेलं. तिथे वेग आपोआप येतो आणि थांबता येणं हीच पहिली गरज होते. गंमत अशी की दोन्हीकडे नवशिक्याला आकार एकच सोयीचा पडतो : ड्रॉप-थ्रू. यात ट्रक (चाकं धरणारा सांगाडा) डेकच्या (उभं राहायच्या फळीच्या) खाली न बसता डेकला पाडलेल्या खाचेतून आरपार बसतो, त्यामुळे उभं राहायची जागा खाली येते. पाय मारताना गुडघा कमी वाकतो आणि पायाने ब्रेक लावताना तळवा सहज जमिनीला टेकतो. लांबी 38 ते 41 इंच आणि रुंदी 9 ते 10 इंच धरा. मधोमध खाली खोल गेलेले डबल-ड्रॉप बोर्ड मात्र घेऊ नका, आपल्याकडच्या गतिरोधकांना त्यांचं पोट घासतं. निमुळत्या टोकाचा पिनटेल दिसायला देखणा आणि वळायलाही मऊ असतो, पण त्यात ट्रक डेकखाली असल्याने उंची वाढते. पहिल्या बोर्डासाठी तो दुसऱ्या पसंतीचा.

आता पैशांचं. सहा हजार हातात असतील तर त्यातले दीड हजार हेल्मेट आणि मनगटाच्या गार्डसाठी आधीच बाजूला काढा आणि उरलेल्या रकमेत बोर्ड शोधा. उलट क्रमाने गेलात तर हेल्मेट ‘पुढच्या महिन्यात’ जातं आणि पहिला आपटाआपटीचा महिना उघड्या डोक्याने निघतो. बोर्डाच्या रकमेतही डेकवरच्या चित्राला शून्य गुण द्या. पैसे चाकांत आणि ट्रकमध्ये दिसले पाहिजेत.

चाकांवर थोडं थांबू, कारण स्वस्त बोर्ड इथेच फसवतात. चाकाच्या दोन संख्या विचारायच्या : व्यास आणि कडकपणा. कडकपणाच्या आकड्यापुढे ‘ए’ असतो, आकडा जितका मोठा तितकं चाक कडक. उड्या मारायच्या छोट्या स्केटबोर्डचं चाक साधारण 52 मिलिमीटरचं आणि 99ए एवढं कडक असतं, गुळगुळीत फरशीसाठी ते उत्तम. खडबडीत डांबरावर मात्र तेच चाक खड्याला आपटून जागीच थांबतं. बोर्ड थांबतो, अंग थांबत नाही, आणि माणूस हात पुढे करून पडतो. नवशिक्यांची मनगटं बहुतेक अशीच दुखावतात. लहान चाकाला खडा उभ्या पायरीसारखा लागतो, तर मोठं चाक त्यावर चढून जातं. मऊ पॉलियुरेथेन खड्याभोवती दबतं आणि हादरा गिळतं. आपल्या रस्त्यांसाठी 70 मिलिमीटर आणि 78ए हा आकडा पाठ करून ठेवा. 65च्या खाली उतरू नका. 75च्या वरची चाकं जड असतात आणि बऱ्याच डेकना घासतात. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीतून पडलेल्या कांडक्यावरून मात्र कुठलंच चाक जात नाही. तिथे उतरून चालायचं.

विक्रेत्याने कडकपणाचा आकडा दिला नसेल तर चाक स्वतः तपासा. अंगठ्याचं नख चाकाच्या कडेवर जोरात रोवा. पॉलियुरेथेन किंचित दबतं, नख काढताच खूण भरून येते. साधं प्लास्टिक दबतच नाही. सुटं चाक हाती आलं तर कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाका. चांगलं चाक रबरी चेंडूसारखं वर येतं, प्लास्टिकचं खट्ट आवाज करून लोळतं. असं लोळणारं चाक असलेला बोर्ड कितीही स्वस्त असला तरी खेळणंच आहे.

ट्रक म्हणजे चाकांचा धातूचा सांगाडा. लाँगबोर्डला रिव्हर्स किंगपिन ट्रक हवेत, हँगरची (आस धरणाऱ्या आडव्या भागाची) रुंदी 180 मिलिमीटर. किंगपिनचा, म्हणजे ट्रकच्या मधल्या मोठ्या बोल्टचा, नट बोर्डाच्या बाहेरच्या टोकाकडे तोंड करून दिसला की तो रिव्हर्स किंगपिन. ट्रक हातात घेऊन नखाने वाजवा. ॲल्युमिनियम खणखणतं, प्लास्टिक बद्द वाजतं. खिशात छोटं लोहचुंबक असू द्या : हँगरला ते चिकटायला नको आणि आतल्या आसाला चिकटायलाच हवं. प्लास्टिकचा हँगर उन्हात आणि वजनाखाली वाकतो, मग बोर्ड सतत एका बाजूला ओढतो आणि ते कुठल्याही पान्याने दुरुस्त होत नाही.

ट्रकमधल्या मऊ रबरी दिसणाऱ्या गोळ्या म्हणजे बुशिंग. एका ट्रकला दोन, एकूण चार. बोर्ड वळतो यांच्या जोरावर. स्वस्त बोर्डावर सगळ्यांना एकच कडकपणा दिलेला असतो, मग चाळीस किलोच्या मुलाला बोर्ड लाकडासारखा वाटतो आणि ऐंशी किलोच्या माणसाखाली तो डुगडुगतो. अंदाज असा : वजन 55 किलोच्या आत असेल तर 80ए ते 83ए, 55 ते 75 किलोला 85ए ते 87ए, त्यापुढे 90ए. डुगडुग थांबवायला नट आवळत सुटू नका. बुशिंगचं पोट वॉशरबाहेर फुगलेलं दिसलं तर ते वजनाला मऊ आहे, बदलायलाच हवं. सैल करतानाही मर्यादा आहे : नटाच्या आतली नायलॉनची कडी किंगपिनच्या आट्यांवर पूर्ण चढलेली राहिलीच पाहिजे, नाहीतर नट रस्त्यात गळून पडेल. पुढे कधी थोडे पैसे आले तर आधी बुशिंग बदला, मग चाकं, बेअरिंग सगळ्यात शेवटी.

बेअरिंगबद्दल जाहिरातीत एबेक 7, एबेक 9 असे मोठे आकडे असतात. तो आकडा बेअरिंग किती काटेकोर मापात घडवलं ते सांगतो, बोर्ड किती पळेल ते नाही. लाँगबोर्डचं बेअरिंग 608 या ठरलेल्या मापाचं असतं : आतलं भोक 8, बाहेरचा व्यास 22, जाडी 7 मिलिमीटर. आठ नग लागतात. हे माप बेअरिंगच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतं, खास स्केटचं मागवायची गरज नाही. ‘608 टू आरएस’ मागा, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील येतं आणि धूळ कमी शिरते.

डेक बघायचा तो असा. कॅनेडियन मेपलचे सात-आठ पातळ थर चिकटवलेला किंवा बांबूचा डेक चांगला. बोर्ड सपाट टाइलवर ठेवा आणि चारही कोपरे आळीपाळीने दाबा. एखादं चाक अधांतरी डुलत असेल तर डेक किंवा ट्रक पिळलेला आहे. मग मोकळा बोर्ड हलकेच सोडा आणि तो कुठे वळतो ते बघा. विरुद्ध दिशेनेही सोडून पाहा, नाहीतर फरशीच्या उताराचा दोष बोर्डाच्या माथी बसेल. मधोमध उभं राहिल्यावर डेक थोडा वाकला तर चांगलंच, हादरे कमी लागतात. पण त्याच जागी गुडघ्यातून दाबल्यावर पोट जमिनीला टेकत असेल तर तो तुमच्या वजनाचा नाही.

यानंतरची तपासणी अजिबात सोडू नका. एका कडेवर पूर्ण भार देऊन बोर्ड कलवा आणि खाली वाकून बघा, चाक डेकला शिवतं का. शिवत असेल तर जोरात वळताना चाक डेकला घासून जाम होईल आणि तुम्ही फेकले जाल. याला व्हीलबाइट म्हणतात. कडक बुशिंग घातलं की हा धोका कमी होतो. ट्रक डेकखाली बसणारा बोर्ड असेल तर ट्रक आणि डेकमध्ये 6 मिलिमीटरचा रायझर (उंची वाढवणारी पट्टी) घालूनही तो कमी करता येतो. रायझर घातलात तर बोल्टही तेवढे जास्त लांब घ्यावे लागतात.

जुना बोर्ड मिळत असेल तर जरूर बघा, त्याच पैशात बरे ट्रक हाती लागतात. बोल्टच्या भोकांभोवती केसाएवढी भेग, कडेला सुटलेले थर आणि चाकावर चपटा झालेला भाग शोधा. चपटं चाक फिरताना टक-टक वाजतं. बेअरिंग गंजलेलं असलं तर हरकत नाही, ते बदलता येतं. भेग गेलेला डेक मात्र फुकट मिळाला तरी नको.

पाने घरी आणून ठेवा. लाँगबोर्डचे नट इंची मापाचे असतात. आसाच्या नटाला अर्ध्या इंचाचा, डेकच्या बोल्टला तीन बाय आठचा आणि किंगपिनला नऊ बाय सोळाचा पाना लागतो. अर्ध्या इंचाच्या जागी 13 मिलिमीटरचा पाना चालून जातो. किंगपिनवर 14चा पाना चढतच नाही, कारण नट 14.3चा असतो. हार्डवेअरच्या दुकानात माप इंचातच सांगा. आसाचा नट चाक अडेपर्यंत आवळा आणि मग पाव फेरा उलटा फिरवा. चाक मोकळं फिरलं आणि आडवं हलवल्यावर जेमतेम डुललं की झालं. आवळून ठेवलेल्या नटाने बेअरिंग बाजूने दाबलं जातं आणि लवकर मरतं.

हेल्मेटवर ईएन 1078 असं लिहिलेलं शोधा, सायकल आणि स्केटबोर्ड दोन्हींसाठी तेच मानक आहे. हेल्मेटची कड भुवईच्या दोन बोटं वर आली पाहिजे आणि पट्ट्यात एकच बोट मावलं पाहिजे. मोटारसायकलचं हेल्मेट जड पडतं आणि मागून येणारी गाडी ऐकू देत नाही, तरी दुसरं नसेल तर तेच घाला. त्यानंतर मनगटाचे गार्ड, मग गुडघ्याचे. बूट सपाट रबरी तळाचे हवेत. चपलेवर पायाचा ब्रेक लागत नाही.

पहिले दोन आठवडे शाळेचं रिकामं पटांगण किंवा सोसायटीतला सपाट रस्ता बघा, आणि वेळ पहाटेची. पुढचा पाय डेकवर सरळ ठेवून वजन त्याच पायावर आणा आणि मागच्याने पाय मारा. वजन मागे गेलं की वेगात बोर्ड थरथरतो. पायाने ब्रेक लावून ठरवलेल्या रेषेवर दहापैकी दहा वेळा थांबता येईपर्यंत उतार नको. यवतेश्वरच्या घाटाचा रस्ता कितीही मोह घालो, तिकडे आंधळी वळणं आणि कासला जाणाऱ्या गाड्या असतात. नवशिक्याने तिथे बोर्ड न्यायचाच नाही.

पहिल्या आठवड्यानंतर आठही बोल्ट पुन्हा आवळा, नवीन लाकूड बसतं आणि ते सैल होतात. डेकच्या कडांना वॉर्निशचा पातळ हात द्या, कारण पाणी थरांत कडेनेच शिरतं. बेअरिंग घरघरायला लागलं तर सील सुईने उचलून काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा आणि शिवणयंत्राच्या तेलाचे दोनच थेंब घाला. खोबरेल तेल घालू नका, साताऱ्याच्या थंडीत ते आत थिजतं. जूनचा पहिला पाऊस पडला की चाकं काढा, बेअरिंग पुसून तेल लावून डबीत ठेवा आणि डेक ओलीच्या भिंतीला न टेकवता खुंटीला टांगा.