लहान मुलांसोबत उन्हाळी सहल: या चुका टाळा

उन्हाळ्यात लहान मुलांना घेऊन काढलेली एका दिवसाची सहल फसते ती बहुतेक वेळा ठिकाणामुळे नाही, तर वेळापत्रकामुळे. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा दिवस ठरलेला असतो: सकाळी दोन-तीन तास उत्साह, मग भूक, मग झोप. घरी आपण हा क्रम जिवापाड सांभाळतो आणि सहलीच्या दिवशी तोच आधी मोडतो. दुपारी एकच्या सुमारास रडारड सुरू झाली की मग प्रश्न पडतो, आज याला झालंय तरी काय? त्याला काहीही झालेलं नसतं. त्याची झोपायची वेळ झालेली असते आणि आपण त्याला उन्हात उभं केलेलं असतं.

सावकाश आवरून दहाला निघणं

ही सगळ्यात मोठी चूक, कारण बाकीच्या अर्ध्या चुका तिच्यातूनच निघतात. आवराआवर करून दहाला निघालात की पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात सूर्याची अतिनील किरणं सर्वांत तीव्र असतात, आणि आभाळ भरून आलं तरी त्यातली बरीचशी खाली पोचतात. म्हणून पिशव्या आदल्या रात्रीच भरून ठेवा, मुलाला उजाडता उजाडता उचलून गाडीत बसवा, नाश्ता तिथे गेल्यावर करा. उघड्यावरचं खेळणं दहापर्यंत आटोपलं पाहिजे. हे जमणार नसेल तर सरळ चारनंतर निघा. तीन तासांची संध्याकाळही लहान मुलाला भरपूर होते.

परतीची वेळ मुलाच्या झोपेला जोडून घ्या, म्हणजे ते गाडीत झोपेल आणि घरी पोचेपर्यंत ताजंतवानं होईल. ठिकाण एकच ठेवा. ‘एवढ्या लांब आलोच आहोत तर तेही बघून घेऊ’ या विचाराने दिवसाचा शेवट हमखास बिघडतो. पाच वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर एका बाजूचा प्रवास दीड तासापेक्षा जास्त नसावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

उशीर होऊनच गेला असेल तर तो भरून काढायला धावू नका. दुपार छपराखाली काढा, मुलाला झोपू द्या, आणि ऊन उतरल्यावर तासभर खेळवून परत फिरा.

‘पाणी मागेल तेव्हा देऊ’

खेळात रमलेलं मूल पाणी मागत नाही. शिवाय वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं आणि त्याला घामही मोठ्यांपेक्षा कमी येतो, त्यामुळे बाहेरची उष्णता त्याच्या अंगात लवकर भरते. धावपळ चालू असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबवून चार घोट पाजायचे, ते हट्टाने. गोड सरबत किंवा शीतपेय ही पाण्याची जागा घेऊ शकत नाहीत. मुलाने पुरेसं पाणी प्यायलं का, हे लघवीवरून कळतं. ती गडद पिवळी असेल किंवा पाच-सहा तास झालीच नसेल, तर शरीरातलं पाणी कमी पडतं आहे.

सहा महिन्यांखालच्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याला साधं पाणी द्यायचं नाही, कडक उन्हाळ्यातही नाही. त्याची मूत्रपिंडं जास्तीचं पाणी बाहेर टाकण्याइतकी तयार नसतात. रक्तातलं सोडियम उतरून झटके येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. त्याला अंगावरचं किंवा नेहमीचं दूध जास्त वेळा पाजा.

ओआरएसची पुडी बरोबर असावीच, पण ती कशीही कालवू नका. काही पुड्या १ लिटर पाण्यासाठी असतात, काही २०० मिलिलिटरसाठी. पाकिटावर लिहिलेलं प्रमाणच पाळा, वरून साखर किंवा रस घालू नका, आणि कालवलेलं पाणी २४ तासांनंतर टाकून द्या. मूल उलटी करत असेल तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्याने पाजा. पेला तोंडाला लावलात तर पुन्हा उलटी होईल.

ऊन लागू नये म्हणून बाबागाडी झाकणं

प्रेमापोटी होणारी ही चूक सगळीकडे दिसते. बाळ झोपलं की बाबागाडीवर पातळ कापड पांघरलं जातं. त्याने ऊन अडतं, पण वारासुद्धा अडतो, आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच तापते. बाळाचा चेहराही दिसेनासा होतो. कापडाऐवजी गाडीला जोडायची छत्री वापरा, बाबागाडी झाडाखाली घ्या आणि मधूनमधून बाळाच्या मानेला मागून हात लावून बघा. मान तापलेली, ओलसर लागली तर एक कपडा कमी करा.

कपडे सैल, सुती, फिकट रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे. टोपी कान आणि मान झाकणारी. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचं घ्या, निघण्यापूर्वी लावा, आणि दर दोन तासांनी व पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावा. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र सावली आणि कपडे यांवरच भिस्त ठेवा. घसरगुंडीवर सोडण्याआधी तिला आपला हात लावून पाहा. उन्हात तापलेल्या धातूनेच नाही, तर प्लॅस्टिकनेही कोवळी त्वचा भाजते.

‘आम्ही सगळे होतोच की तिथे’

पाण्याच्या कडेला सहा मोठी माणसं बसलेली असतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरं कुणीतरी बघतंय. बुडणारं लहान मूल बहुधा ओरडत नाही, हातही हलवत नाही. गुपचूप खाली जातं, आणि त्याला वीतभर पाणीसुद्धा पुरतं. म्हणून नाव घेऊन ठरवा: आता पंधरा मिनिटं बघण्याचं काम तुझं. ज्याची पाळी, त्याने फोन हातात घ्यायचा नाही आणि मुलापासून हातभर अंतरावरच राहायचं. हवेने फुगवायचे दंडपट्टे ही खेळणी आहेत, सुरक्षेची साधनं नव्हेत.

गर्दीत चुकामूक होऊ शकते, हे गृहीत धरून निघा. सकाळीच मुलाचा त्या दिवसाच्या कपड्यांतला फोटो काढा, मनगटावर फोन नंबर लिहा, आणि ‘आम्ही दिसलो नाही तर आहेस तिथेच थांब’ हे त्याच्याकडून वदवून घ्या. मूल दिसेनासं झालं आणि जवळ पाणी असेल, तर आधी तिकडे धावा.

डबा आणि प्रवास

बाहेर ३२ अंशांच्या वर गरम असेल तर दुधाचे किंवा शिजवलेले पदार्थ थंड पेटीबाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका. चालत्या गाडीत मुलाला खायला देऊ नका. घास अडकला तर ते लगेच लक्षातही येत नाही. मळमळ होत असेल तर हातातला फोन काढून घ्या, लांबचं काहीतरी दाखवा, खिडकी थोडी उघडा.

मूल मलूल झालं तर

चेहरा उतरला, घाम आला, डोकं दुखतंय किंवा मळमळतंय म्हणाला, तर खेळ तिथेच थांबवा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओल्या फडक्याने पुसून वारा घाला, घोट-घोट पाणी पाजा. अर्ध्या तासात तरतरी आली नाही तर डॉक्टरांकडे जा.

मूल असंबद्ध बोलू लागलं, ग्लानीत गेलं, झटका आला किंवा अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात समजा. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाचं औषधही देऊ नका, उष्माघातावर त्याचा उपयोग होत नाही.

‘दोनच मिनिटांत येते’

बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच १० अंशांच्या आसपास चढतं, आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्यांच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं. त्यामुळे झोपलेल्या मुलाला गाडीत सोडून कुठेही जायचं नाही, अगदी दोन मिनिटांसाठीही. निघताना आपली पिशवी किंवा एक चप्पल मागच्या सीटवर ठेवा, म्हणजे उतरताना मागचं दार उघडावंच लागेल. घरी पोचल्यावर सगळे थकलेले असतात आणि प्रत्येक जण सामान उचलायला लागतो. मुलाला कोण उचलणार, हे गाडी थांबण्याआधी मोठ्याने ठरवून घ्या, आणि ते घरात गेल्यावरच डिकी उघडा.