परडी : खान्देशातल्या सहा फुलांचा पटखेळ घरी कसा करावा

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास जळगाव-धुळ्याकडे दुपारी बाराच्या पुढे घराबाहेर पाय ठेवता येत नाही आणि घर माहेरवाशिणी व भाचरांनी भरलेले असते. अशा दुपारी दोन ते चार जणांनी खेळायचा हा पट. फासे नाहीत आणि कोणाची सोंगटी मरत नाही. सगळ्यांची मिळून एकच मधमाशी असते. ती ज्या फुलावर बसेल ते फूल आपल्या परडीत येते.

सामान थोडकेच लागते. 2 मिलिमीटर जाडीचा कडक पुठ्ठा 36 × 24 सेंटिमीटर, पटांसाठी कार्डशीट, पांढरा कागद, रंग, फेव्हिकॉल, कटर, स्टीलची पट्टी, कापडी पिशवी आणि एक मोठा चिंचोका. चिंचोक्यावर दोन पिवळे पट्टे ओढले की मधमाशी तयार.

पुठ्ठ्यावर 4 सेंटिमीटरचे चौकोन आखले की आडवे 9 आणि उभे 6 अशा बरोबर 54 सोंगट्या होतात. एका आडव्या ओळीत एकच फूल, म्हणजे प्रत्येक फुलाच्या 9 सोंगट्या. फुले अशी : पळस, बहावा, तेरडा, महू (मोह), कपाशी, कळलावी. चित्रे आधी कागदावर काढून रंगवा, मग कागद पुठ्ठ्यावर चिकटवा आणि कापणी अगदी शेवटी करा. सुट्या सोंगट्यांवर एकेक चित्र चिकटवत बसलात तर कडा जुळत नाहीत आणि पिशवीत हात घातल्यावर बोटांना फरक कळतो.

सगळ्यात जास्त बिघाड चिकटवताना होतो. एकाच बाजूला कागद लावला की वाळताना तो आक्रसतो आणि पुठ्ठ्याची होडी होते. म्हणून मागेही तेवढाच कागद लावायचा. मागची बाजू कोरी राहील, फक्त कपाशीच्या ओळीमागे गुलाबी फूल हवे. त्यासाठी कपाशीची ओळ सर्वांत वर ठेवा आणि पुठ्ठा पुस्तकाचे पान उलटतो तसा उलटवा, म्हणजे मागेही तीच ओळ वर येते. फेव्हिकॉल पातळ हाताने पसरा आणि रात्रभर पाटाखाली वजन देऊन ठेवा. कापताना एकदम जोर लावू नका. पट्टी धरून पाच-सहा हलके हात फिरवले तर कड स्वच्छ निघते.

कूलरच्या ओलसर हवेने उघड्या कडा फुगतात. पाण्यात कालवलेला फेव्हिकॉल कडांना बोटाने चोळून वाळवला की त्या टिकतात. पूर्ण लॅमिनेशन करू नये, सोंगट्या पटावरून घसरतात.

रंगांत एक सावधगिरी हवी. पळस केशरी आणि कळलावी तांबडी-पिवळी, त्यामुळे मंद उजेडात दोन्ही सारखी वाटतात. पळसाची पाकळी पोपटाच्या चोचीसारखी बाकदार काढा, कळलावीच्या पाकळ्या ज्वाळेसारख्या वर उसळलेल्या आणि बुडाशी पिवळ्या. चित्रासाठी नमुना म्हणून कळलावी उपटून आणू नका. तिचा कंद आणि बाकीचे झाडही विषारी असते, आणि लहान मुले घरात आहेत.

पट दोन प्रकारचे. मधला वाफा 18 × 18 सेंटिमीटरचा, त्यात 4.5 सेंटिमीटरची 16 घरे. प्रत्येकाची परडी 13.5 सेंटिमीटर चौरस, तीत 9 घरे. पिशवीचे तोंड मूठ सहज जाईल एवढे असावे, नाहीतर हात अडकतो आणि मुले आत डोकावतात.

मांडणी : चौघे असतील तर सगळ्या 54 सोंगट्या पिशवीत घाला. तिघे असतील तर प्रत्येक फुलाची 1 काढून 48 ठेवा, दोघे असतील तर प्रत्येकाच्या 3 काढून 36. पिशवीतून न बघता 15 सोंगट्या वाफ्यात मांडा, कपाशी नेहमी फिकट बाजू वर. सोळावे घर मधमाशीचे. ते कोणते, हे शेवटी खेळणाऱ्याने ठरवायचे, म्हणजे पहिल्याला आयता फायदा होत नाही.

आपली पाळी आली की मधमाशी सरळ आडवी किंवा उभी, हवी तितकी घरे न्यायची. तिरपी जात नाही, जागच्या जागी राहत नाही. जिथे थांबेल तिथले फूल उचलून परडीत हव्या त्या रिकाम्या घरात ठेवायचे आणि ते पुन्हा हलवायचे नाही. मग मधमाशीने सोडलेले घर पिशवीतून भरायचे. हे भरणे लोक हमखास विसरतात. दोन-तीन पाळ्यांनी वाफ्याला भोके पडतात आणि पुढच्याची निवड आक्रसते. म्हणून पिशवी पुढच्या गड्याच्या हातात ठेवा. त्याने आधी घर भरायचे, मग खेळायचे.

कपाशीचे फूल उमलते त्या दिवशी फिकट असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. खेळातही तसेच आहे : मधमाशी कपाशीवरून पुढे गेली की ती सोंगटी गुलाबी बाजूला उलटते. खरी मेख इथे आहे. पलीकडचे फूल हवे असेल तर वाटेतली कपाशी आपल्याच हाताने गुलाबी करावी लागते, आणि ती आता मधमाशीच्याच ओळीत असल्यामुळे पुढचा तिला सहज उचलतो.

सर्वांच्या परड्या भरल्या की गुण मोजा. पळसाच्या कडेला कड लागून असलेल्या सर्वांत मोठ्या झुबक्यात प्रत्येकी 2. फाल्गुनात सातपुड्याच्या पायथ्याशी पळस एकेकटा फुललेला दिसत नाही, म्हणून सुट्याला काही नाही. बहावा झुंबरासारखा लोंबतो, तेव्हा उभ्या ओळीत लागोपाठ 2 असले तर 3, तिन्ही घरांत असला तर 8. तेरडा तळाच्या ओळीत प्रत्येकी 3, वर 1. फिकट कपाशीला 1, गुलाबीला 4. महूची फुले रात्रीतून गळतात आणि पहाटे टोपली घेऊन निघेल त्याची टोपली भरते. म्हणून ज्याच्याकडे सर्वांत जास्त महू त्यालाच 7. बरोबरी झाली तर त्या प्रत्येकाला 3, बाकीच्यांना शून्य.

कळलावी वेल आहे, पानांच्या टोकांच्या तणाव्यांनी दुसऱ्या झाडाला धरून चढते. शेजारच्या घरात पळस किंवा बहावा असेल तर 4, नाहीतर उणे 2. एका झाडावर एकच वेल धरायची. ही अट गाळू नका, नाहीतर एका पळसाभोवती चार कळलाव्या लावून कोणीही 16 गुण उचलेल आणि बाकीच्या फुलांकडे कोणी बघणार नाही.

नमुना म्हणून एक परडी पाहा. डावी उभी ओळ तिन्ही बहाव्यांची, 8. त्यातल्या वरच्या दोन बहाव्यांच्या उजवीकडे एकेक कळलावी, 8. तळाच्या उरलेल्या दोन घरांत तेरडा, 6. उजव्या उभ्या ओळीच्या वरच्या दोन घरांत गुलाबी कपाशी, 8. बेरीज 30. इथे बहाव्याने तळाचे एक घर खाल्ले, म्हणून तेरड्याचे 3 गुण गेले. अशी ओढाताण परडीच्या प्रत्येक कोपऱ्यात होते, आणि पहिल्या तीन फुलांतच तळाची ओळ कोणाला द्यायची हे ठरवलेले बरे. बेरीज सारखी आली तर जास्त गुलाबी कपाशीवाला जिंकला.

सहा-सात वर्षांची पोरे असतील तर कळलावीच्या 9 सोंगट्या बाजूला काढा आणि सगळी कपाशी 2 गुणांची धरा, उलटवायची नाही. चौघांसाठी मग 45 सोंगट्या पुरत नाहीत, म्हणून प्रत्येक परडीचे मधले घर झाकून 8 फुलेच गोळा करायची : 32 आणि वाफ्यातली 15 मिळून 47, शेवटच्या दोन पाळ्यांना घर रिकामे राहिले तरी चालते.