डाळमिलचे सहा सर्व्हर एका यंत्रावर

जळगावच्या डाळमिलमध्ये टॅली, हजेरी, वजनकाटा असे सहा सर्व्हर असतील आणि ते एकाच यंत्रावर व्हीएम (एका यंत्रात चालणारे आभासी संगणक) म्हणून आणायचे असतील, तर आधी महिनाभर त्यांचा भार मोजा. महिनाअखेर त्यात आलीच पाहिजे. प्रोसेसर बहुधा रिकामेच दिसतील. अडते ते रॅम आणि डिस्कवर. सहांची वापरातली रॅम बेरजेला घ्या, वर पाव भाग सोडा. रॅम उधारीवर, म्हणजे आहे त्याहून जास्त, वाटू नका. स्वॅप (रॅम संपल्यावर डिस्कचा रॅमसारखा वापर) सुरू झाला की सगळेच रखडते. डिस्क एसएसडी, रेड १० मध्ये (माहितीची प्रत दोन डिस्कवर ठेवणारी जोडणी). व्हीएम चालवणारे सॉफ्टवेअर प्रॉक्समॉक्स फुकट चालते. विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या एका परवान्यात मात्र दोनच व्हीएम बसतात. काट्याची सिरियल केबल व्हीएमला जोडता येते का ते आधी तपासा, घोडे तिथेच पेंड खाते. बॅकअप वेगळ्या यंत्रावर. आणि मे महिन्यात एसी बंद पडला, तर आता सहाही एकदम बसतील. तापमानाचा अलार्म लावाच.