घरचा कचरा डम्पिंगवर न पाठवता रिसायकल कसा करायचा (सुरुवात प्लास्टिकपासून नाही, खरकट्यापासून)

रिसायकलिंग करायचं ठरवलं की बहुतेक जण आधी प्लास्टिकच्या मागे लागतात, पाच रंगांचे पाच डबे आणतात, त्यांना लेबलं लावतात आणि थोड्या दिवसांनी घरातलं कुणीतरी घाईत असतं म्हणून सगळं पुन्हा एकाच डब्यात जायला लागतं. माझं कळकळीचं सांगणं आहे की डबे नंतर, आधी एकच सवय लावा, ओल्याला सुक्याजवळ जाऊ द्यायचं नाही. कागद, पुठ्ठा, बाटली, डबा, यांचं पुढे काय होणार ते जवळपास ह्या एका गोष्टीवर ठरतं. भाजीच्या देठांबरोबर रद्दी एकदा एका पिशवीत गेली की संपलं, पुढच्या सेंटरवर कितीही भारी मशीन असू दे, तो कागद परत स्वच्छ आणि कोरडा होत नाही, तो थेट ढिगाऱ्यावरच जातो.

आणि ओला कचरा काही थोडाथोडका नसतो. वर्ल्ड बँकेच्या २०१८ च्या रिपोर्टमध्ये २०१६ सालचा जगभरातल्या शहरांचा घनकचरा सुमारे २०१ कोटी टन धरलाय आणि त्यातला ४४ टक्के हा खाण्यापिण्याचा आणि झाडपाल्याचा आहे, म्हणजे प्लास्टिक (१२ टक्के) आणि कागद (१७ टक्के) एकत्र केले तरी तो त्यांच्याहून जास्त. हाच ओला कचरा डम्पिंगवर ढिगाखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही, तो बिनहवेचा सडतो आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांचा हिशोब केला तर मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता अडवतो, डम्पिंगला आग लागली की ती आत धुमसत राहते त्यातही ह्या मिथेनचा मोठा हात असतो. शिवाय ढिगातून काळं घाण पाणी झिरपतं, खाली नीट अस्तर घातलेलं नसेल तर ते जमिनीत आणि तिथून विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरतं. तेव्हा घरातला ओला कचरा बाजूला काढलात की अर्धं काम तिथेच झालं.

पायरी १: सिंकजवळ एक झाकणाचा डबा

डबा छोटाच घ्या, मोठा घेतला की तो भरेपर्यंत रिकामा केला जात नाही आणि वास सुटतो. आत प्लास्टिकची पिशवी लावू नका, तळाला जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा टाका, तो पाणी शोषतो आणि डब्यातल्या कचऱ्याबरोबर तोही कंपोस्टमध्ये जातो. खरकटं टाकताना आधी गाळणीत निथळू द्या, पातळ काही असेल ते डब्यात नको. फळांवर जे छोटे स्टिकर असतात ते सालीसकट टाकायची सवय असते सगळ्यांना, ते बहुतेक प्लास्टिकचे असतात आणि खत तयार झालं तरी त्यात जसेच्या तसे सापडतात, तर ते आधी सोलून काढा. काही टी-बॅग्जमध्येही प्लास्टिकचा धागा असतो, शंका आली तर फाडून आतली पावडर तेवढी डब्यात.

पायरी २: ओल्याचं खत

हा भाग नीट वाचा कारण बहुतेक लोक इथेच कंटाळून सोडून देतात आणि सोडायचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, ओलं जास्त आणि सुकं कमी.

एक झाकणवाली बादली किंवा मोठी कुंडी घ्या, तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, खाली एक ताटली ठेवा. तळाशी चार बोटं सुका पाला किंवा पुठ्ठ्याचे फाडलेले तुकडे. त्यावर ओला कचरा, जमेल तितका बारीक चिरून, आणि प्रत्येक वेळी वरून सुकं. प्रमाण डोळ्यांनीच बघायचं, एक वाटी ओलं टाकलं तर दोन वाट्या सुकं. सुकं म्हणजे वाळका पाला, लाकडाचा भुसा, साधा तपकिरी पुठ्ठा, ह्यात कार्बन असतो, ओल्यात नायट्रोजन असतो आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना दोन्ही लागतात, पुस्तकात हे प्रमाण कार्बन २५ ते ३० भाग आणि नायट्रोजन १ भाग असं देतात पण घरी वजनं करत बसायची काही गरज नाही. तीन-चार दिवसांनी एकदा काठीने खालीवर करा, हवा आत गेली पाहिजे.

हात घालून बघायचं. मूठभर उचलून दाबलं तर पिळलेल्या फडक्यासारखं ओलसर लागलं पाहिजे, पाण्याची धार लागली तर जास्त ओलं झालंय, भुगा होऊन निसटलं तर पाणी शिंपडा. नाकाला झोंबणारा वास येतोय म्हणजे नायट्रोजन जास्त झाला, सुकं वाढवा. सडक्या अंड्याचा वास येतोय म्हणजे आत हवा नाही, उकरून सैल करा आणि सुकं घाला. चिलटं घोंघावतायत किंवा अळ्या दिसल्या तर घाबरून सगळं फेकून देऊ नका प्लीज, वरचा थर नेहमी सुक्याचाच ठेवा, ओलं उघडं दिसता कामा नये, काही दिवसात कमी होतं. आतून कोमट लागलं तर छान चाललंय, जिवाणू कामाला लागलेत. साधारण दोन-तीन महिन्यांत ते काळपट, भुसभुशीत होतं आणि पहिल्या पावसानंतर येतो तसा मातीचा वास येतो, काय काय टाकलं होतं ते ओळखूच येत नाही.

मांस, हाडं, दुधाचे पदार्थ आणि तेलकट उरलंसुरलं घरच्या बादलीत नको, वास येतो आणि उंदीर-घुशी येतात. बादली ठेवायला जागाच नसेल तर बिल्डिंगमध्ये किंवा जवळपास सामायिक खत होतंय का बघा, तेही नसेल तर निदान ओला वेगळा द्या.

पायरी ३: सुक्यासाठी एकच खोका

पाच डबे नकोत, एकच मोठा खोका. वर्गवारी आठवड्यातून एकदा खोका भरल्यावर करता येते, मात्र त्यात जाणारी प्रत्येक वस्तू रिकामी, पुसलेली आणि कोरडी पाहिजे. चकाचक धुवायची गरज नाही, भांडी घासून झाल्यावर उरलेल्या पाण्यात एकदा विसळली आणि उलटी ठेवून निथळली तरी बास. खोका चिलटांशिवाय आठवडाभर घरात राहिला तर समजा बरोबर चाललंय.

त्याआधी एक काम करा, तुमच्याकडे सुका कचरा जो कोणी घेतो, नगरपालिका असो, सेंटर असो की भंगारवाला, त्याला विचारा की काय काय घेता. रिसायकल होऊ शकतं आणि इथे होतं ह्यात फरक आहे. घेत नाहीत ती वस्तू "बघतील ते पुढे" म्हणून आशेने खोक्यात टाकली तर ती बाकीच्या चांगल्या मालाचीही वाट लावते.

कागद सोपा आहे. कोरडा असेल तर वर्तमानपत्र, वह्या, पुठ्ठा सगळं चालतं, खोके मात्र उलगडून चपटे करा. तेल लागलेला पुठ्ठा चालत नाही कारण लगद्यात तेल पाण्यापासून वेगळं होत नाही, तेवढा डागाळलेला भाग फाडून बाकीचा खोक्यात टाका. दुकानातली गुळगुळीत बिलं रद्दीत घालू नका, तो थर्मल पेपर असतो, त्यावर केमिकलचा थर असतो. ओळखायचं कसं, नखाने ओरखडा मारा, काळी रेघ उमटली तर थर्मल. टिश्यूपण नको, कागदाचे धागे प्रत्येक रिसायकलिंगला आखूड होत जातात, पाच ते सात वेळा झालं की धागा टिकत नाही, आणि टिश्यूमध्ये तर ते आधीच आखूड असतात.

धातूला रिसायकलिंगमध्ये खरंच तोड नाही. ॲल्युमिनियम परत वितळवायला खनिजापासून नवीन बनवण्यापेक्षा साधारण ९५ टक्के कमी ऊर्जा लागते, म्हणून एकही कॅन फेकू नका. लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर पोलादी डबा, नाही चिकटला आणि हलका असेल तर बहुतेक ॲल्युमिनियम. चकचकीत वेष्टनाचा नेहमी गोंधळ होतो, ते मुठीत चुरगाळा आणि मूठ उघडा, तसंच गोळा होऊन राहिलं तर ॲल्युमिनियम फॉइल, हळूहळू उलगडायला लागलं तर ते चंदेरी मुलामा दिलेलं प्लास्टिक, ते धातूत जात नाही.

काच कितीही वेळा वितळवता येते पण सगळी काच सारखी नसते. बाटल्या आणि बरण्या चालतात. आरसा, खिडकीची काच, ओव्हनमधली भांडी, कप-बश्या त्यांच्यात मिसळू नका, त्यांची बनावट आणि वितळायचं तापमान वेगळं असतं, नवीन बाटलीत खडे राहतात आणि ती तडकते. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर ठळक "काच" असं लिहा, कचरा हाताने वेगळा करणाऱ्या माणसाची बोटं त्यामुळे वाचतात. हे कृपया विसरू नका.

आता प्लास्टिक. वस्तूच्या तळाला त्रिकोणात १ ते ७ मधला आकडा असतो, तो दिसला की वस्तू रिसायकल होतेच असं अनेकांना वाटतं, तसं अजिबात नाही. तो आकडा फक्त प्लास्टिक कुठल्या जातीचं ते सांगतो, १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने ही पद्धत आणली. १ म्हणजे पेट, पाण्याच्या बाटल्या. २ म्हणजे जाड एचडीपीई, शाम्पू-डिटर्जंटचे डबे. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, खाण्याचे डबे आणि बरीच झाकणं. ह्या तिघांना बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाईक असतं. ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे थर्मोकोल आणि त्याची भावंडं, ७ म्हणजे बाकीचं सगळं, ह्यांना घेणारे फार कमी. ४ म्हणजे पातळ पिशव्या, त्या वेगळ्या गोळा करून द्याव्या लागतात, सुट्या टाकल्या तर वर्गवारीच्या मशीनच्या चाकात गुंडाळतात आणि मशीन बंद पाडतात.

पेटच्या बाटलीचं झाकण आणि बाटलीचा कापलेला एक तुकडा पाण्याच्या बादलीत टाकून, बुडबुडे झटकून बघा. झाकण तरंगतं, तुकडा बुडतो, कारण पेट पाण्यापेक्षा जड आहे आणि झाकणाचं प्लास्टिक हलकं. कारखान्यात बाटल्यांचा चुरा करून अगदी ह्याच पद्धतीने दोन्ही वेगळे करतात. मुलांना हे जरूर दाखवा, त्यानंतर घरात वर्गवारी करायला तीच पुढे येतात.

एक कटू गोष्ट पण सांगायला हवी, २०१७ साली आलेल्या एका अभ्यासात हिशोब मांडलाय की २०१५ पर्यंत जगात जेवढं प्लास्टिक टाकून दिलं गेलं त्यातलं जेमतेम ९ टक्के रिसायकल झालं. त्यामुळे प्लास्टिकचं खरं काम ते घरात यायच्या आधीच करायचं असतं, दोन वस्तूंमधली एक निवडायची असेल तर काचेची, धातूची किंवा परत भरता येणारी घ्या.

पायरी ४: ज्या वस्तू कुठल्याच डब्यात नकोत

बॅटऱ्या, बल्ब, जुने मोबाईल, चार्जर, औषधं, रंगाचे डबे. ह्यांच्यासाठी एक वेगळा खोका, मुलांच्या हाताला लागणार नाही असा. लिथियम बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेऊ शकते, म्हणून तिच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ठेवा आणि फुगलेली असेल तर लगेच कलेक्शन सेंटरला द्या. सीएफएल आणि ट्यूबमध्ये थोडा पारा असतो, फुटली तर खिडक्या उघडा, झाडूने झाडू नका, जाड कागदाने गोळा करा आणि बारीक कण चिकटपट्टीने टिपा. इलेक्ट्रॉनिक वस्तू तर नक्कीच वेगळ्या द्या, २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. मोबाईल देण्याआधी त्यातला डेटा पुसा. उरलेली औषधं टॉयलेटमध्ये ओतू नका, ती घेणारं औषधांचं दुकान किंवा सेंटर शोधा.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, त्यावर खूण करून वेगळेच द्या.

एवढं सगळं केल्यावरही एक छोटी पिशवी उरते, तीच फक्त डम्पिंगला जाते. ती पिशवी बांधायच्या आधी दर आठवड्याला एकदा आत बघा. त्यात सगळ्यात जास्त काय आहे, वेफर्सची पाकिटं, शाम्पूचे सॅशे, पार्सलचं वेष्टन, ते शोधा आणि पुढच्या आठवड्यासाठी त्यातली एकच वस्तू घरात येणं बंद करून बघा.