एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन बाईचं माहेर कसं शोधायचं

आनंदीबाई जोशींना न्यू जर्सीतल्या रोझेलमध्ये स्वतःच्या घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर मावशी आपल्याला माहिती असतात, पण कार्पेंटर हे झालं सासरचं, मूळच्या त्या कुणाच्या? त्या काळात लग्न झालं की बाईचं आधीचं आडनाव कागदावरून गायबच, म्हणून नुसतं तिच्या नावाने सर्च करत बसू नका, नवरा, पोरं, दीर, शेजारी सगळ्यांना धरा.

सुरुवात सेन्ससपासून, म्हणजे जनगणनेपासून. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट आहे, अकाउंट तेवढं काढा, आणि नेहमी शेवटाकडून मागे या. १९०० च्या सेन्ससमध्ये जन्माचा महिना-वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली नि त्यातली किती हयात, सगळं मिळतं. १८९० चा शोधत बसू नका, १९२१ च्या आगीनंतर त्यातलं जवळजवळ काही उरलं नाही. १८८० मध्ये घरातल्या प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलंय, आणि त्या रांगेत सासू दिसली तर समजा लॉटरीच लागली, कारण नवऱ्याची सासू म्हणजे हिची आई, म्हणजे तिचं आडनाव तेच हिचं माहेरचं (आईने दुसरं लग्न केलं नसेल तर हां). १८५० च्या आधी मात्र फक्त घरच्या प्रमुखाचं नाव, बाकी सगळे नुसते आकडे. गुलामीत असलेल्या बायकांची नावं तर बहुतेक वेळा १८७० ला पहिल्यांदा दिसतात, त्यांच्यासाठी फ्रीडमन्स बँकेची (गुलामीतून सुटलेल्यांसाठी काढलेली बँक) खाती बघा, त्यात आईवडील-भावंडांची नावं पण विचारलेली असायची.

स्पेलिंगवर अडून राहू नका. कार्पेंटर मावशींचं थिओडिशिया हे नावच दोन-तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. वय, जन्माचं राज्य आणि नवऱ्याचं नाव टाकून शोधा.

माहेरचा खरा पुरावा बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच कागदात असतो. मुलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव असतं, मुलाचं मधलं नाव आडनावासारखं वाटलं तर ते पण बऱ्याचदा तेच, आणि बापाचं मृत्युपत्र म्हणजे तर सोनंच, 'माझी मुलगी अमुक, तमुकची बायको' असं सरळ लिहिलेलं असतं, ते काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखं) कोर्टात शोधा. नवरा सिव्हिल वॉरमध्ये (अमेरिकेतलं यादवी युद्ध) लढला असेल तर विधवेच्या पेन्शनची फाइल नॅशनल अर्काइव्हजमध्ये, म्हणजे अमेरिकन सरकारच्या दफ्तरखान्यात, असू शकते, लग्न सिद्ध करायला बायकांना साक्षीदार आणावे लागायचे, त्यात अख्खं गाव बोलतं.

स्मशानभूमी पण सोडू नका. आनंदीबाईंची रक्षा न्यू यॉर्कमधल्या पोकिप्सीला मावशींच्या घराण्याच्या प्लॉटमध्ये आहे, म्हणजे रोझेल सोडून तिकडे का, हा प्रश्न लगेच पडायला हवा. प्लॉट कुणी घेतला, शेजारच्या दगडांवर आडनावं कुठली, मग त्याच काउंटीत न्यू यॉर्क राज्याचा १८५५ चा वेगळा सेन्सस बघा, त्यात राज्यातल्याच माणसाची जन्माची काउंटी पण दिलेली असते. मावशींचं माहेर मी मुद्दाम सांगत नाहीये, प्रॅक्टिसला एकदम बेस्ट केस आहे!

आणि लोकांनी ऑनलाइन टाकलेल्या वंशावळी फक्त दिशा कळायला वापरा, मूळ कागदाचा फोटो जोडला नसेल तर आपल्या झाडात चिकटवू नका.